बाटलीतले सफरचंद आणि रोजच्या सुगंधाचा हिशेब

हिरव्या चाफ्याचे फूल पानांत लपलेले असते. रंग पानासारखाच, त्यामुळे डोळ्यांना ते चटकन सापडत नाही. नाकाला मात्र लांबूनच सापडते. फूल पिकून पिवळसर झाले की त्याला असा काही वास सुटतो, की घरात कोणीतरी पिकलेले फळ कापून ठेवले आहे असेच वाटावे. फूल आहे की फळ, असा संभ्रम पाडणारा हा वास आपल्या जुन्या माणसांच्या चांगला परिचयाचा आहे. हल्ली दुकानाच्या काउंटरवर ज्याला 'फ्रुटी-फ्लोरल' म्हणतात, तो प्रकार म्हणजे हाच मिलाफ. वर फळाचा ताजेपणा, आत फुलाचा मऊपणा, आणि एकूण वास हलका, रोज लावता येईल असा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आणि परदेशी अत्तरांत ज्याचे तेल वर्षानुवर्षे वापरले जाते ते इलांग-इलांगचे फूलही त्याच कुळातले. तेव्हा ही आवड बाहेरून आली, असे समजण्याचे कारण नाही.

कुटुंबाच्या पानावर सेंटाविषयी लेख कशासाठी, असे काही वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांना आमचे नम्र उत्तर असे, की सेंटावर पैसा आपल्या घरातून जातोच आहे. तो कशावर जातो हे पाहिलेले बरे. आमच्या वस्तीतील एक भगिनी महिला मंडळाची बैठक आटोपल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तरी पोरीला समजवा. पगार झाला की पहिलं सेंट आणते. आम्ही जन्मात कधी अंगाला काही लावलं का?" मुलगी बाजूलाच उभी होती. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ती विक्रीच्या कामाला आहे. ती म्हणाली, "आई, नऊ तास उभी असते मी. गिऱ्हाईक अगदी जवळ येऊन बोलतं. एकीनं जरी नाक मुरडलं ना, तर दिवसभर तेच डोक्यात राहतं."

आम्हांस मुलीचे म्हणणे पटले. घामाच्या वासावरून माणसाची किंमत करणारे लोक आजही आहेत, आणि ते नाक कोणाला पाहून अधिक मुरडले जाते हे आपणांस सांगावयास नको. पण तिने पर्समधून जी बाटली काढली, तिच्यावर आमचा विश्वास बसेना. स्टेशनबाहेरच्या पथारीवरून ३५० रुपयांना घेतलेली. वर एका मोठ्या परदेशी कंपनीचे नाव, तेही एक अक्षर चुकवून छापलेले. बनविणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. हौसेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती या बाटलीबद्दल.

स्वतःच्या पगारातली बाटली

बाईने आपल्या पैशाने आपल्यासाठी सुगंध विकत घ्यावा, ही गोष्ट श्रीमंत देशांतही फार जुनी नाही. अमेरिकेत एके काळी अत्तर म्हणजे नवऱ्याने वाढदिवसाला द्यावयाची वस्तू होती. महागडी बाटली कपाटात जपून ठेवायची आणि समारंभाला थेंबभर लावायची. १९५३ साली एस्टी लॉडर या उद्योजक बाईंनी 'यूथ ड्यू' नावाचे आंघोळीच्या पाण्यात घालावयाचे सुगंधी तेल काढले. स्वतःसाठी अत्तर घेणे बायकांना संकोचाचे वाटे. आंघोळीचे तेल घेताना तसा संकोच नव्हता. युक्ती साधी होती, पण लागू पडली.

पुढे १९७३ साली रेव्हलॉन कंपनीने 'चार्ली' बाजारात आणले. नाव पुरुषी. जाहिरातीत पँट घातलेली, लांब पावले टाकीत चाललेली तरुणी. किंमत नोकरी करणाऱ्या बाईच्या आवाक्यातली. कंपनीने हे काही समाजसेवेसाठी केले नाही, धंद्यासाठीच केले. बायका कमावू लागल्या होत्या, म्हणजे गिऱ्हाईक बदलले होते, आणि ते कंपनीने वेळेवर ओळखले. पण त्यामुळे अत्तर कपाटातून निघून रोजच्या पर्समध्ये आले, हेही तितकेच खरे. चार्लीचा वास फुलांचा होता. फळांची लाट त्यानंतरची. १९९६ साली 'टॉमी गर्ल' आले, १९९९ साली 'जादोर' आले, आणि २००४ सालच्या 'बी डिलिशस'ची तर बाटलीच सफरचंदाच्या आकाराची होती. आज आपल्याकडच्या स्वस्त-महाग बाटल्यांत जो हिरव्या सफरचंदाचा किंवा पीचचा वास येतो, तो याच वाटेने आलेला आहे.

सफरचंद पिळून अत्तर निघत नाही

आता मुख्य गोष्ट. दुकानदार सांगतो, "ताई, हे प्युअर फळांपासून बनवलंय." त्यावर विश्वास ठेवू नये. संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्या सालीत तेलाच्या पिशव्या असतात. साल दाबली की तेल उडते. डोळ्यांत गेले की झोंबते ते हेच. हे तेल यंत्राने काढता येते आणि अत्तरात वापरले जाते. पण सफरचंद, पेअर, पीच, स्ट्रॉबेरी, आंबा यांची गोष्ट निराळी. त्यांत मुख्यतः पाणी आणि साखर. वास देणारी द्रव्ये इतकी अल्प, की त्यांचे अत्तरासाठी तेल काढावे म्हटले तर ते परवडणारे नाही. मग बाटलीत सफरचंद येते कोठून? प्रयोगशाळेतून.

यात फसवणूक आहे असे मात्र नाही. निसर्गाने फळात जी द्रव्ये घातली आहेत, तीच किंवा त्यांच्यासारखी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञ कारखान्यात तयार करतात. लहानपणी केळ्याच्या वासाची गोळी आपण सर्वांनी चघळली आहे. त्या वासाचे नाव आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यातही ते असतेच. हेक्झाइल ॲसिटेट नावाचे त्याचे भावंड सफरचंद-पेअरचा हिरवा, रसाळ वास देते. या गटाला एस्टर म्हणतात.

पीचची कथा अधिक मजेदार आहे. पॅरिसच्या गेर्लँ या घराण्याने १९१९ साली 'मित्सुको' नावाचे अत्तर काढले, आणि त्यात पीचचा वास देणारे एक कृत्रिम द्रव्य वापरले. व्यापारात त्याचे नाव 'अल्डिहाइड सी-१४'. आता हे अल्डिहाइडही नव्हे आणि त्यात कार्बनचे १४ अणूही नाहीत. ते आहे लॅक्टोन, आणि कार्बन ११. तरी शंभर वर्षे हेच खोटे नाव चालू आहे. आमच्या हिशेबाच्या वहीत असा प्रकार निघाला असता तर ऑडिटरने जेवायला सोडले नसते! असो. तो पीचचा वास आजही रोजच्या वापराच्या कितीतरी अत्तरांत सापडतो.

फुलांचे तसे नाही. फुलांतून अर्क खरोखरच निघतो, पण तो महाग पडतो. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. उत्तर प्रदेशात कन्नौजला आजही तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून, मातीने तोंड लिंपून, खाली जाळ लावतात आणि बांबूच्या नळीने वाफ भपक्यात उतरवितात. भपक्यात चंदनाचे तेल असते, ते सुगंध धरून ठेवते. भट्टीजवळ बसून विस्तव कमी-जास्त करणारा कारागीर केवळ हाताच्या अंदाजाने आणि नाकाने काम करतो. चंदन भयंकर महागल्यामुळे बरेच जण आता दुसरी तेले वापरतात. ते अत्तर निराळेच; जड, खोल, कपड्यावर दिवसभर रेंगाळणारे. गर्दीच्या गाडीतून कामावर जाण्यासाठी ते नव्हे.

हलकेपणा आणण्यात एका शोधाचा मोठा वाटा आहे. जाईच्या अर्काचे पृथक्करण करताना स्वित्झर्लंडमधील फर्मेनिश कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या हाती एक द्रव्य लागले. त्याला हेडिओन म्हणतात. पहाटेच्या जाईवरून वारा यावा, तसा त्याचा वास. फुलाचा, पण भरभरून अंगावर न येणारा. १९६६ साली दिओर कंपनीच्या 'ओ सोव्हाज' या पुरुषांच्या अत्तरात ते प्रथम गाजले. पुढे ते मोठ्या प्रमाणावर बनू लागले, स्वस्त झाले, आणि आज महागड्या अत्तरापासून साध्या सुगंधी मालापर्यंत सगळीकडे आहे.

यातून निघणारा अर्थ आमच्यासारख्या पगारदारांच्या उपयोगाचा आहे. ८,००० रुपयांच्या बाटलीत सफरचंदाचा वास देणारे जे द्रव्य असते, तेच ५०० रुपयांच्या बाटलीतही असू शकते. फरक मग कशात? काही अंशी मालाच्या शुद्धतेत आणि मिश्रण करणाऱ्याच्या कसबात. ते कसब खरे आहे; त्याला कमी लेखू नये. चांगले जमलेले अत्तर दोन तासांनीही एकजीव राहते. घाईत बनविलेले गोड होत जाते, आणि शेवटी नुसता साखरेचा पाक हुंगल्यासारखे वाटते. पण किमतीचा फार मोठा भाग बाटली, खोका, जाहिरातीतली नटी आणि दुकानाचे भाडे यांत जातो. गुलाब, चंदन, ऊद यांच्या जड अत्तरांत स्वस्त-महागाचा फरक नाकाला ताबडतोब कळतो. फळाफुलांच्या हलक्या वासात तो सर्वांत कमी, असे आमचे मत आहे. म्हणून कमी पैशात चांगले काही घ्यावयाचे असेल तर याच प्रकारात शोधावे.

दिवसाला दोन रुपये चाळीस पैसे

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. ५० मि.ली.ची फवाऱ्याची बाटली घ्या. एका दाबात सुमारे ०.१ मि.ली. द्रव निघतो. म्हणजे बाटलीत ५०० दाब. रोज दोन दाब पुरेसे, म्हणजे २५० दिवस. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर साडेनऊ महिने झाले. बाटली ६०० रुपयांची असेल तर दिवसाला २ रुपये ४० पैसे पडतात. टपरीवरचा कटिंग चहा यापेक्षा महाग. त्या माऊलीला आम्ही हाच हिशेब कागदावर करून दाखविला. दर पगाराला एक बाटली संपत असेल, तर सेंट फार लावले जाते आहे किंवा बाटलीत पाणी जास्त आहे.

बाटलीवर ताकद लिहिलेली असते, ती वाचावी. 'ओ द पर्फ्यूम' म्हणजे सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के, 'ओ द तॉयलेत' म्हणजे ५ ते १५ टक्के, 'बॉडी मिस्ट' त्याहूनही पातळ. बाकी बहुतेक अल्कोहोल आणि थोडे पाणी. रोजच्यासाठी मधला प्रकार बरा. मिस्टची मोठी बाटली स्वस्त दिसते, पण तासाभरात वास उडतो आणि पुन्हा पुन्हा मारावे लागते. गॅसच्या डब्याचे तर विचारूच नका. त्यात फवारणीला लागणारा गॅसही आपण पैसे मोजूनच घेतो.

घेताना घाई करू नये. लिंबू-संत्र्याचा वास पंधरा-वीस मिनिटांत उडतो. त्यामागून फळ आणि फूल येते, ते दोन-तीन तास राहते. शेवटी कस्तुरीसारखा किंवा लाकडासारखा मंद वास उरतो. दुकानदार जो कागदाचा तुकडा नाकाशी धरतो, त्यावर आपल्याला फक्त पहिली पाच मिनिटे कळतात. मनगटावर एकदा मारून घ्यावे, बाजारातली बाकीची कामे उरकावीत, आणि तासाभराने मनगट हुंगून मग ठरवावे. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्यावे. आणि हलका वास तीन-चार तासांत गेला म्हणून माल खोटा असे समजू नये. हलके असणे म्हणजेच लवकर उडणे. जेवणाच्या सुट्टीत एक दाब पुन्हा मारावा, की भागले.

ज्यांना बाटलीवर पैसे घालवायचेच नाहीत, त्यांच्यासाठी दादरचा फुलबाजार आहे. वसईकडच्या वाड्यांतून पहाटेच्या लोकलने सोनचाफा येतो. फुलातच फळाचा गोडवा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळून नेलेली दोन फुले टेबलावर ठेवली तर संध्याकाळपर्यंत साथ देतात.

खोक्यावर काय वाचावे

सुगंधी प्रसाधनांना आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. बनविणाऱ्याचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, वापराची मुदत आणि कमाल किंमत हे सर्व छापलेले पाहिजे. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता पाहिजे. हे नसेल तर वास कितीही गोड येवो, बाटली खाली ठेवावी. पथारीवरच्या नकली मालात कोणते अल्कोहोल घातले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. बिल घ्यावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

'नैसर्गिक' या शब्दाला भुलू नये. संत्र्याच्या सालीतले लिमोनिन हे अस्सल नैसर्गिक, पण बाटली जुनी होऊन त्याचा हवेशी संयोग झाला की त्यानेच काहींच्या कातडीला खाज सुटते. बर्गमॉट नावाच्या लिंबाचे साधे तेल लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात. उलट, कारखान्यातले सगळेच निर्धोक असेही नाही. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलासारखा वास देणारे लिलिअल हे कृत्रिम द्रव्य युरोपीय संघाने मार्च २०२२ पासून प्रसाधनांत बंद केले. म्हणून नवीन बाटली आणली की प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक-दोन दिवस पाहावे. लाली आली, चुरचुरले, तर सोडून द्यावे. तान्ह्या मुलांना लावूच नये.

आता घामाविषयी. ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेतले जीवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा वास येतो. त्या वासावर अत्तर मारले तर तो जात नाही. दोन्ही वास एकत्र होऊन तिसराच प्रकार होतो. साबणाने धुतलेली, कोरडी केलेली काख आणि धुतलेला सुती कपडा यांना पर्याय नाही. हे लिहिणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. ज्या वस्तीत नळाला तासभर पाणी येते, तेथे सकाळी कोणी आंघोळ करायची आणि कोणी संध्याकाळी, याची घरात वाटणी असते. तिथल्या मुलीला 'स्वच्छ राहा' म्हणून उपदेश करणाऱ्याने आधी पाण्याच्या अर्जावर सही करावी. अत्तर पाण्याची जागा घेऊ शकत नाही, एवढेच आम्ही म्हणतो.

लावण्याची जागा मानेच्या मागे आणि कोपराच्या आत. कातडी कोरडी असेल तर आधी बिनवासाचे व्हॅसलिन बोटभर चोळावे, वास जास्त टिकतो. साडीला किंवा ओढणीला मारावयाचे असल्यास आतल्या टोकाला मारून डाग पडतो का ते पाहावे. गाडीच्या डब्यात बाटली काढू नये. दमेकऱ्याला आणि अर्धशिशी असलेल्या बाईला दुसऱ्याचा सुगंध म्हणजे शिक्षा असते. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या नाकाला आपला वास थोड्याच वेळात कळेनासा होतो. शेजारच्याला मात्र तो येतच असतो. 'गेला वाटतं' म्हणून पुन्हा मारले, की कार्यालयात खिडक्या उघडाव्या लागतात. आमच्या कार्यालयात हे आम्ही अनुभवले आहे, आणि त्या बाबतीत पुरुष मंडळीच पुढे आहेत.

विहारात काही ठिकाणी मुलींना पंचशीलाचा दाखला देऊन सेंटावरून बोलले जाते, म्हणून एक खुलासा करतो. माला, गंध, विलेपन यांपासून दूर राहण्याचा नियम अष्टशीलातला आहे. उपोसथाच्या दिवशी जे उपासक-उपासिका अष्टशील घेतात त्यांनी तो पाळावा. त्या दिवशी बाटली कपाटात राहील. पंचशीलात ही मनाई नाही.

बाटली ठेवण्याची जागा कोरडी आणि अंधारी असावी. मोरीतल्या फळीवर किंवा खिडकीत ऊन येते तेथे ठेवल्यास फळाचा ताजा वास सर्वांत आधी बिघडतो. द्रव गडद झाला, उघडताच उग्र वास आला, तर अंगाला लावणे थांबवावे. त्यात अल्कोहोल असते आणि ते पेट घेते, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ किंवा वंदनेच्या वेळी मेणबत्ती, अगरबत्ती पेटलेली असताना फवारू नये. एका खोलीच्या घरात शेगडी, मेणबत्ती आणि आरसा चार पावलांत असतात. तेथे कामावर जाणाऱ्या मुलीने तयारी बाहेरच्या ओट्यावर करावी, आणि घरच्यांनी तिला तेवढा वेळ ओटा मोकळा करून द्यावा.